जुनी जीप आणि कॅरॅव्हॅन सोलापुरात कुठे द्यावी: अक्कलकोट रोडच्या गॅरेजचा अनुभव

सोलापुरात जीप दुरुस्त करणारे मिस्त्री पैशाला पासरी आहेत. पण जुनी जीप आणि तिच्यामागची कॅरॅव्हॅन ही दोन्ही कामं एकाच छताखाली, जुनं आहे ते जपून करणारं गॅरेज मला एकच सापडलं. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. हातातली कामंच उरकत नाहीत म्हणून नाव छापू नका, असं मालकांनीच सांगितलंय. पण एमआयडीसीत शिरून 'जीपवाले अण्णा' विचारलंत की कुणीही बोट दाखवेल.

आधी गाड्यांविषयी. जीप महिंद्राची सीजे-3बी, 1972 सालची, पेट्रोल. आपल्याकडे हिला 'हाय बोनेट' म्हणतात. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बोनेटही उचलावं लागलं. आमचे नाना उजनीच्या कालव्यांच्या कामावर ठेकेदार होते. साइटवर राहायला म्हणून त्यांनी एसटीसारख्या बॉड्या बांधणाऱ्या सुतारांकडून कॅरॅव्हॅन करून घेतली: सागवानी सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली जीपचाच ॲक्सल. टायरही तेच, 6.00-16, म्हणजे एक स्टेपनी दोघींना चालते. नानांनी किती विचार केला होता ते आता एकेक पत्रा उघडताना कळत गेलं.

अण्णांकडे जायच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे जीपला डिझेल इंजिन बसवा आणि कॅरॅव्हॅनचं लाकूड काढून चौकोनी पाइपचा सांगाडा करा, असं सांगितलं. त्यात नानांचं काय उरणार होतं? अण्णांनी मात्र कसला अंदाज सांगायच्या आधी खिडकीखालचा पत्रा सोडवला आणि हातात आरी घेतली. खालच्या पट्टीवर वीतभर अंतराने आरी टोचत गेले. जिथे टोक लाकडात रुतलं तिथे खडूची खूण, जिथे टणक लागलं तिथे पुढे. सगळी कॅरॅव्हॅन अशी टोचून झाल्यावर म्हणाले, "लाकूड चांगलंय की ओ ताई. खिडक्यांच्या खाली पाणी मुरलंय, तेवढंच काढू." आणि खरंच तेवढंच काढलं. सडलेला तुकडा कापून नवीन सागवान तिरक्या सांध्याने जोडलं. आपल्या कोरड्या हवेमुळे चासी तर जवळपास निर्दोष निघाली.

खरा रोग स्क्रूंमध्ये होता. मधल्या काळात कुणीतरी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी स्क्रू मारले होते. दोन वेगळे धातू, त्यात ओल, की ॲल्युमिनियम खात जातं. प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि भोक मोठं झालेलं. अण्णांनी सगळे लोखंडी स्क्रू काढून ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले, आणि जिथे लोखंडी ब्रॅकेट पत्र्याला टेकतो तिथे प्रायमर मारून मध्ये रबराची पट्टी घातली. तुमच्या गाडीचं काम कुठेही करा, पण हे नक्की विचारा. नुसती लांबी (पुट्टी) भरून, घोटून वर रंग मारला तर डोळ्यांना छान दिसेल, पण पत्रा आतून खातच राहील.

जीपच्या इंजिनाला बोरिंग (झिजलेले सिलिंडर आतून कातून घेणं) आणि ओव्हरसाइज पिस्टन लागले, क्रँक ग्राइंडिंगला बाहेर गेला. पण मला सगळ्यात आवडलं ते पेट्रोलच्या लाइनचं काम. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं (आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचा त्यात हातभार आहे, ही आनंदाचीच गोष्ट), पण जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा त्यात फुगतात, चिरतात. अण्णांनी नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवले. शिवाय एक्झॉस्टजवळून जाणारी नळी लांबून फिरवली, कारण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. यंदाच्या मेमध्ये दुपारी पार्क चौकाच्या गर्दीत थांबत थांबत गेले, एकदाही बंद पडली नाही.

आता ओढण्याचा भाग. जुनी जीप आणि कॅरॅव्हॅन घेणाऱ्या कुणीही हा नीट वाचावा. दोन्ही गाड्या सुट्या सुट्या उत्तम असल्या तरी वजनाची वाटणी चुकली की मागची कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डोलायला लागते आणि ती पुढच्या हलक्या जीपलाही फिरवते. आमची पाण्याची टाकी मागच्या टोकाला होती. अण्णा मला मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर घेऊन गेले, कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत. सामानासह कॅरॅव्हॅन 640 किलो भरली. मग जीपला जोडायच्या दांडीचं टोक वेगळ्या काट्यावर टेकवलं, तर जेमतेम 20 किलो. हा भार एकूण वजनाच्या साधारण 7 ते 10 टक्के हवा. टाकी ॲक्सलच्या पुढे घेतली, गादीखालची पेटी सरकवली, तेव्हा 55 किलो आले. मगच तुळजापूर रस्त्याला नेली. घाटातून उतरताना दुसरा गिअर, वेग ताशी 30, आणि आरशात कॅरॅव्हॅन जीपमागे सरळ रेषेत. सपाट रस्त्यावर मी 50 च्या वर जात नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या जीपला तेवढंच झेपतं.

तक्रारीही आहेत. गड्ड्याच्या यात्रेपर्यंत देतो म्हणाले आणि गाडी हातात आली गुढीपाडव्यानंतर. अंदाज तोंडी असतो, कागदावर लिहून मागावा लागतो. वायरिंगवाल्या पोराने कॅरॅव्हॅनमध्ये सगळीकडे लाल वायर टाकली होती, ती मी पुन्हा रंगवार करून घेतली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे सांगायला हवं. कुशनचं काम ते बाहेर देतात. मी जुना काथ्या टाकू दिला नाही आणि कव्हरांना मयूर नक्षीची सोलापुरी चादर स्वतः नेऊन दिली. शिलाई चोख आली.

खर्च: जीपचं इंजिन आणि ब्रेक 86 हजार, कॅरॅव्हॅन रंगासह 1 लाख 90 हजार.

कागदपत्रांत अण्णा पडत नाहीत, ते तुम्हालाच बघायचं. 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 2021 च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. पण त्या नंबरवर प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यापलीकडे गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. कॅरॅव्हॅन घेऊन नळदुर्गला मुक्कामाला जायचं असेल तर नेहमीची आरसी दर 5 वर्षांनी पासिंग करून चालू ठेवा. मी तेच केलं. कॅरॅव्हॅनची आरसी वेगळी असते, ती शोधून ठेवा.

काम द्यायचं तर दिवाळीनंतर द्या, पावसाळ्यात लाकूड नीट सुकत नाही. आणि घरातले जुने सुटे भाग कितीही गंजलेले असले तरी पोत्यात भरून सोबत न्या. आमच्या पोत्यातला मूळ पेट्रोलचा काटा अण्णांनी उघडून, साफ करून डॅशबोर्डवर परत बसवला, आणि तो बरोबर दाखवतो.