मायक्रो फोर थर्ड्स की एपीएस-सी? दोन्ही वापरून झाल्यावर सांगते

ही दोन्ही कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपच्या, मापांची नावं. माझ्याकडे ऑलिंपसचा ई-एम10 मार्क 2 कॅमेरा आहे, मायक्रो फोर थर्ड्सवाला, छोट्या सेन्सरचा, आणि आतेभावाकडे सोनीचा ए6400, म्हणजे एपीएस-सी, थोडा मोठा. वर्षभर आम्ही एकमेकांचे कॅमेरे हक्काने उचलून नेतोय, त्यामुळे कुणी "छोटा सेन्सर घेऊ नकोस गं" असं म्हटलं की आता मला गप्प बसवत नाही.

आधी मापं बघा. माझा सेन्सर 17.3 बाय 13 मिमी, त्याचा 23.5 बाय 15.6. क्षेत्रफळात तो दीडपटीहून थोडा मोठा, म्हणजे उजेडाच्या हिशोबात पाऊण स्टॉपसुद्धा नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). बॉडीचं वजनही जवळपास सारखंच, दोन्ही बॅटरीसकट 400 ग्रॅमच्या आसपास.

पण माझाही एक गैरसमज होता आणि तो पुण्याजवळ कवडीपाटला पक्षी टिपताना दूर झाला. माझ्याकडे 75-300 मिमी लेन्स आहे, सेन्सर छोटा म्हणून क्रॉप 2 पट, म्हणजे मोठ्या फुल फ्रेम सेन्सरवर 600 मिमी लेन्सने दिसेल तेवढा अँगल मिळतो, भावाकडे 70-350, त्याचा क्रॉप दीडपट, म्हणून त्याला 525. मला वाटायचं पक्ष्यांसाठी आपलंच भारी. थंडीत सकाळी एकाच दगडावर बसलेला छोटा खंड्या दोघांनी टिपला, घरी येऊन शंभर टक्के झूम करून फोटो शेजारी शेजारी लावले तर सोनीवर पक्षी मोठा! कारण साधं आहे, त्याचे 24 मेगापिक्सेल, माझे 16, दोन्ही सेन्सरवर एका मिलिमीटरमधे पिक्सेल जवळजवळ तेवढेच, आणि त्याची लेन्स 50 मिमी लांब. क्रॉपमुळे पक्षी जवळ येत नाही, फक्त कडेचं कापलं जातं. उडत्या पक्ष्याला तर माझा कॅमेरा फोकस शोधत बसतो, पण तो दोष ऑटोफोकसचा आहे हो, सेन्सरचा नाही. माझं मॉडेल 2015 चं, त्यात फेज डिटेक्शनच (हलत्या गोष्टीवर झटपट फोकस लावायची पद्धत) नाही, सोनी 2019 चा.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मात्र मी भावाचा कॅमेरा मागत नाही. अगदी जवळून टिपायची माझी 60 मिमी मॅक्रो लेन्स फक्त 185 ग्रॅमची, आणि पाऊस पडून गेल्यावर पानावर बसलेला उड्या मारणारा कोळी घ्यायचा तर एफ 5.6 ला (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त) त्याचे डोळेही धारदार येतात आणि पुढचे पायही बऱ्यापैकी येतात, कारण तेवढ्याच फ्रेममधे छोट्या सेन्सरवर फोकसची खोली जास्त मिळते. शिवाय हात हलला तरी फोटो सावरणारं स्टॅबिलायझेशन बॉडीतच, भावाच्या ए6400 मधे ते नाही, ओणवं होऊन श्वास रोखून फोटो काढणाऱ्याला हे लगेच कळतं.

रात्री विसर्जन मिरवणुकीत सेन्सरचा फरक दिसतो. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, ढोलावर पडणारं टिपरू नाही थांबवत, त्याला शटर सेकंदाच्या 1/250 पेक्षा वेगवान लागतं, मग अंधार भरून काढायला आयएसओ वाढवून 3200, 6400, आणि माझ्या फोटोत गुलालाच्या सावल्यांत दाणे दिसतात. भावाच्यात कमी. पण मी किट झूम (कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स) काढून 25 मिमी एफ 1.8 लावली तर त्याच्या किट झूमपेक्षा माझाच फोटो स्वच्छ, म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी ही लेन्स घ्या, 137 ग्रॅमची आहे.

निकॉन 1 (निकॉनची आणखी छोट्या सेन्सरची कॅमेरा मालिका) सेकंडहँड स्वस्तात दिसला तरी घेऊ नका. 13.2 बाय 8.8 मिमी सेन्सर, 2011 ला आला, 2018 ला बंद, त्या लेन्स पुढे कुठल्याच कॅमेऱ्यावर चालणार नाहीत. मायक्रो फोर थर्ड्सचं तसं नाही, ऑलिंपसच्या लेन्स पॅनासोनिकच्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांवरही चालतात. फक्त पुण्यात दुकानात हातात धरून बघायला मिळणं कठीण, मी तीन ठिकाणी हिंडले, सगळीकडे "ऑर्डर द्या, मागवतो".

आणि जुनी लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून आरपार बघाच. माझी एक अशीच घेतलेली, घरी आणल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, दुकानदाराने परत घेतली नाही. पावसाळाभर मी आता सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवते.