पॅचच्या विषयात मॉड्यूलचं नाव: चौकोनी कंसात की कोलन लावून?

ईमेलने पॅच (कोडमधले बदल) पाठवणाऱ्या टीममध्ये आज ना उद्या हा वाद निघतोच. मॉड्यूलचं नाव '[पार्सर]' असं लिहायचं की 'पार्सर:' असं? आमच्याकडे दोन्ही वापरून झालंय.

कंस दिसायला छान. इनबॉक्समध्ये नजर लगेच तिथे जाते. पण 'गिट एएम' (मेलमधला पॅच लावून त्याची कमिट, म्हणजे इतिहासातली नोंद, करणारी गिटची कमांड) पॅच लावताना विषयाच्या सुरुवातीचे सगळे चौकोनी कंस काढून टाकतं. '[पॅच २/५]' (पाचांतला दुसरा पॅच) जायलाच हवा, कमिटमध्ये त्याचं काय काम? पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, '[पार्सर]'ही जातो, आणि गिट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मला खुपलं ते हेच. काही कमिट दुसऱ्या रेपोमधून थेट पुल करून आलेल्या, काही मेलवरून लावलेल्या. मग 'गिट लॉग --ग्रेप' करून (कमिटच्या मजकुरात शब्द शोधून) पार्सरचे बदल शोधावेत तर अर्धेअधिक गायब.

इलाज आहे, 'गिट एएम'चा '--कीप-नॉन-पॅच' हा पर्याय. मग ज्या कंसात 'पॅच' हा शब्द आहे तेवढेच उडतात. (घाईत '-के' देऊ नका, त्याने '[पॅच २/५]'सुद्धा इतिहासात जाऊन बसतो.) पण हा पर्याय पॅच लावणाऱ्याने आठवणीने द्यायचा, पाठवणाऱ्याच्या हातात काही नाही. शिवाय मेलिंग लिस्ट स्वतःचं नाव कंसात जोडत असेल, तर तेही कमिटमध्ये राहतं. नुसतं '[आरएफसी]' (मतं मागवण्यासाठीची खूण) लिहिलेलंही.

कोलनला मात्र गिट हात लावत नाही. लिनक्स कर्नलमध्येही सबसिस्टिम, कोलन, मग सारांश अशीच पद्धत आहे. तिथला मीडिया विभाग पूर्वी '[मीडिया]' लिहायचा, आता 'मीडिया:' लिहितो. जी माहिती फक्त पाठवण्यापुरती असते ती पॅचच्याच कंसात घालायची: नेटवर्किंगवाले '[पॅच नेट-नेक्स्ट]' लिहितात, बदल कुठल्या ट्रीसाठी (कोडच्या कुठल्या शाखेसाठी) आहे ते कळावं म्हणून. कमिटपासून पॅचचा मेल तयार करणाऱ्या 'फॉरमॅट-पॅच'ला '--सब्जेक्ट-प्रीफिक्स' दिलं की झालं; दर वेळी टाइप करायचा कंटाळा असेल तर कॉन्फिगमध्ये एकदाच लिहून ठेवा.

पॅच लावणारा एकच असेल आणि त्याने '--कीप-नॉन-पॅच'सकट कमांडचा एलियास (छोटं नाव) करून ठेवला असेल, तर कंसही चालून जातील बहुधा. दोघं-तिघं लावत असतील तर मी कोलनच सुचवेन. जुन्या कमिट आहेत तशा राहू द्या. एवढ्यासाठी इतिहास रिबेस करायला (नव्याने लिहायला) जाऊ नका.