मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स: आठ महिने टेबलावर वापरल्यानंतर

आठ महिने झाले, दर आठवड्याला डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डीएम (गोष्ट सांगत खेळ चालवणारा) म्हणून हेच पुस्तक समोर घेऊन बसतोय, म्हणून आता लिहितो. आधी एक गोष्ट क्लिअर करतो, यात नवीन असं फार काही नाहीये. २०१६ चं व्होलोज गाइड आणि २०१८ चं मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज, दोन्हीतले मॉन्स्टर आणि रेसेस (प्लेयरचं पात्र कुठल्या वंशाचं ते) उचलून, दुरुस्त करून २०२२ मधे एकत्र छापलेत, आणखी इकडच्या तिकडच्या पुस्तकांतल्या रेसेस पण आणून टाकल्यात. अडीचशेच्या वर मॉन्स्टर, तीसच्या वर रेसेस, २८८ पानं. माझ्याकडे जुनी दोन्ही होती तरी घेतलं आणि सुरुवातीला खरंच वाटलं की पैसे वाया गेले.

मत बदललं ते इव्होकरमुळे. जुन्या पुस्तकात हा बाराव्या लेव्हलचा जादूगार, स्टॅट ब्लॉकमधे (मॉन्स्टरचे आकडे आणि क्षमता छापलेली चौकट) नुसती स्पेल्सची नावं आणि स्लॉट (स्पेल किती वेळा वापरता येतं त्याचा हिशेब), म्हणजे प्रत्येक स्पेल नक्की काय करतं ते बघायला प्लेयर्स हँडबुक उघडायचं, पाच जणं तोंडाकडे बघतायत आणि मी पानं चाळतोय, सगळी मजाच जायची. नव्यात त्याचे स्लॉट काढून टाकलेत, आर्केन बर्स्ट नावाचा सरळ अटॅक आणि एक मोठा स्फोट जो वापरल्यावर डायवर ४ ते ६ पडलं की परत मिळतो, डॅमेज तिथंच छापलंय. आमच्या इव्होकरशी झालेल्या लढाईत मला एकदाही दुसरं पुस्तक उघडावं लागलं नाही.

पण त्याच लढाईत आमची विझर्ड काउंटरस्पेल (दुसऱ्याचं स्पेल अडवणारं स्पेल) राखून बसली होती आणि आर्केन बर्स्ट हे नियमाप्रमाणे स्पेलच नाही, त्यामुळे ते अडवता येईना. तिचा चेहरा पडला आणि तिचं बरोबरच होतं, ते स्पेल तिनं ह्याच प्रसंगासाठी घेतलं होतं. आता आमच्या टेबलावर बर्स्टवर पण काउंटरस्पेल चालतं, तुम्ही पण तसंच करा.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते लोरचं. व्होलोमधे सुरुवातीची जवळजवळ शंभर पानं बिहोल्डर, नॉल, हॅग (चेटकिणी), माइंड फ्लेयर हे मॉन्स्टर राहतात कसे, विचार कसा करतात, यावरच होती. हॅगशी सौदा कसा होतो ते वाचून मी तीन सेशन काढलेत, कसलीही तयारी न करता! नव्यात हॅग आहेत, पण स्टॅट ब्लॉक आणि वर थोडासा मजकूर, बास. नवीन डीएमला त्यातून गोष्ट सुचणार कशी?

आणि फक्त खेळणाऱ्यांनी तर हे घेऊच नये. रेसेसचा भाग साधारण चाळीस पानांत आटपतो, बाकी सगळे मॉन्स्टर, जे प्लेयरनी वाचायचेच नसतात. रेसेस छान केल्यात, +२ आणि +१ पात्राच्या हव्या त्या स्कोअरला (ताकद, बुद्धी वगैरे) लावता येतात, पण तेवढं कॅरेक्टर बनवताना डीएमच्या पुस्तकातून बघून होतं.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या लोकांनी हे बरं केलंय, २०१९ चं ६४० पानांचं कोअर रुलबुक फोडून २०२३ मधे प्लेयर कोअर आणि जीएम (तिथला डीएम) कोअर वेगळं केलं, प्लेयरनी एकच घ्यायचं. अर्थात बार्बेरियन किंवा मंक अशा प्रकारचं पात्र खेळायचं असेल तर ते प्लेयर कोअर २ मधे गेलेत, २०२४ ला आलं ते, म्हणजे परत खर्च. पण नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर फुकट आणि अधिकृतपणे वाचता येतात, आधी तिथं खेळून बघून मग पुस्तक घेता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तर डीएम असाल आणि जुनी दोन्ही नसतील तर मल्टिव्हर्स बिनधास्त घ्या. जुनी असतील तर तुमच्या कॅम्पेनमधे जादू करणारे शत्रू किती येतात ते बघा, फारसे येत नसतील तर जुन्यावर आरामात भागतं. आणि नवीन घेतलंत तरी व्होलो विकू नका, मी विकायला काढलं होतं, हॅगची पानं परत एकदा वाचली आणि ठेवून दिलं.