जेन्किन्स, आठ महिन्यांनंतर : टेस्ट पडल्या तरी बिल्ड हिरवी

शुक्रवारी संध्याकाळी ग्राहकाचा फोन आला, बिलात जीएसटी दोनदा लागतोय. आमच्याकडे बिल्ड, म्हणजे कोड बांधून त्याच्या टेस्ट घेणं, जेन्किन्स हा प्रोग्राम आपोआप करतो. त्या टेस्टनी ही चूक आदल्या रात्रीच पकडली होती. कन्सोल आउटपुटमध्ये तीन टेस्ट पडल्याचं स्वच्छ दिसत होतं, आणि त्याच्याच खाली शेवटची ओळ ‘फिनिश्ड: सक्सेस’. बिल्ड हिरवी, म्हणजे पास, म्हणून डिप्लॉयचा जॉबही (नवा कोड ग्राहकापर्यंत पोचवण्याचं नेमून दिलेलं काम) पाठोपाठ चालून गेला.

इन्स्टॉल करणं, गिट (कोड साठवायची व्यवस्था) जोडणं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. आमची चौघांची टीम. मिनिटांवर पैसे मोजणारी क्लाउड सेवा नको होती, म्हणून पडून असलेल्या ८ जीबीच्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून जेन्किन्स चढवलं आणि फ्रीस्टाइल जॉब (वेब पानावरच्या चौकटी भरून ठरवायचा) लावला. आजवरचा खर्च फक्त विजेचा. मला हे फार मोलाचं वाटतं.

घोळ होता ‘एक्झिक्युट शेल’च्या चौकटीत, म्हणजे बिल्डच्या कमांड जिथे लिहायच्या तिथे. टेस्टच्या कमांडपुढे उभी रेघ (पाइप) देऊन मी ‘टी’ (आउटपुट दाखवून फाइलीतही लिहिणारी कमांड) जोडली होती, लॉग फाइलीतही उतरावा म्हणून. अशा जोडलेल्या ओळीत शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, शेवटच्या कमांडचाच निकाल धरतं. टेस्ट पडल्या, पण ‘टी’ने आपलं काम चोख केलं, म्हणून निकाल शून्य. शून्य म्हणजे पास.

दोन दिवस मी जेन्किन्सलाच बोल लावत होतो. मग कळलं की ते ही चौकट मुळात एक्स आणि ई हे दोन पर्याय लावूनच चालवतं : प्रत्येक कमांड छापायची आणि पहिली पडली की तिथेच थांबायचं. हे मला मनापासून आवडलं. रेघेच्या आतलं अपयश मात्र ई पर्यायालाही दिसत नाही.

उपाय म्हणून वर ‘सेट -ओ पाइपफेल’ (रेघेतली कुठलीही कमांड पडली तर सगळी ओळ पडली असं धर) लिहिलं, तर बिल्ड पहिल्याच ओळीवर कोसळली. उबुंटूवर २००६ पासून ‘एसएच’ या नेहमीच्या शेलच्या नावामागे डॅश हे शेल असतं, आणि आमच्या मशीनवरच्या डॅशला हा पर्याय समजत नव्हता. मग बॅश या दुसऱ्या शेलची शेबँग ओळ (कुठलं शेल वापरायचं हे सांगणारी पहिली ओळ) टाकली. पाइपफेल चालू झालं, पण आठवड्याने दिसलं की मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी कमांड) पडूनही पुढच्या कमांड धावताहेत. शेबँग आली की जेन्किन्स स्वतःचे पर्याय लावत नाही, ई आपणच लिहायचा! चौकटीशेजारच्या प्रश्नचिन्हामागे हे लिहिलेलं आहे, पण हिरवी बिल्ड बघून ते कोण उघडतं? निदान एक पिवळी सूचना तिथे हवीच.

बाकी तक्रार किरकोळ. ‘डिस्कार्ड ओल्ड बिल्ड्स’ला खूण केली नाही तर जुन्या बिल्ड साचत राहतात. मी शेवटच्या २० ठेवतो. दर पाच मिनिटांनी गिटमध्ये नवा कोड आला का हे बघण्याच्या (पोलिंगच्या) वेळापत्रकात तारकेऐवजी एच लिहिलं, म्हणजे नेमकं मिनिट जेन्किन्सच ठरवतं, त्यामुळे सगळे जॉब एकाच क्षणी उठत नाहीत आणि जुनं मशीन श्वास घेऊ शकतं.

टेस्टचा निकाल आता जेयुनिटच्या रिपोर्टमधूनही (टेस्टचे निकाल नोंदवलेली फाइल) घेतो. त्यात टेस्ट पडलेली दिसली की बिल्ड ‘अनस्टेबल’ होते आणि डिप्लॉय अडतो. तरीही नवीन जॉब लावला की आधी एक टेस्ट मुद्दाम मोडतो, बिल्ड चालवतो आणि लाल खूण डोळ्यांनी बघतो. ती दिसल्यावरच डिप्लॉय जोडतो.