उपग्रह इंटरनेटच्या नावाखाली गेलेले ५२,१६० रुपये

२०२५ च्या मे महिन्यात, उपग्रहावरून चालणारे इंटरनेट मिळवून देतो असे सांगणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून तीन वेळा मिळून ५२,१६० रुपये घेतले. त्यांपैकी १,८७० रुपये परत मिळाले. पैसे गेल्याची हळहळ आहेच. परंतु फसवणूक झाल्याचे कळल्यानंतरही मी तब्बल एकोणीस दिवस गप्प बसले, आणि मी गप्प बसेन याची त्या माणसाने आधीपासूनच तजवीज करून ठेवली होती, हे सांगण्यासाठी मुख्यतः हा मजकूर लिहीत आहे.

आमचे घर संगमनेरला आहे. अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या फुगवट्याला लागून, रतनवाडीच्या अलीकडे माझ्या सासऱ्यांची भाताची खाचरे आहेत आणि त्यांच्या वरच्या माळावर आम्ही पाच वर्षांपासून बारा तंबूंचा मुक्काम चालवतो. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम असतो, आणि आमची वर्षाची निम्मी कमाई याच तीन आठवड्यांत होते. तिथे मोबाईलला रेंज नाही. हिरड्याच्या झाडाशेजारी एक कातळ आहे, त्यावर उभे राहिले तर दोन काड्या दिसतात, त्याही वारा असेल तशा. पर्यटकांना पैसे द्यायचे असतात मोबाईलवरून, त्यामुळे रात्री दहा वाजता त्या कातळापाशी रांग लागते, आणि काजव्यांच्या दिवसांत टॉर्च लावू नका म्हणून ओरडणारे आम्हीच त्या रांगेतल्या माणसांना टॉर्च दाखवत उभे असतो. नवी नोंदणी करू पाहणाऱ्यांचे फोन लागत नाहीत ते वेगळेच.

माझा मामेभाऊ अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये राहतो. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याने डोंगरात तंबू ठोकलेला असताना तिथूनच मला व्हिडिओ कॉल केला. तंबूपासून चार पावलांवर, गवतात, पोळपाटाएवढी पांढरी चौकोनी पाटी तिरकी उभी होती. ती स्टारलिंकची, म्हणजे इलॉन मस्क यांच्या कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेची, लहान छत्री (डिश अँटेना), ‘मिनी’. वजन जेमतेम सव्वा किलो, वायफाय तिच्या पोटातच, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारी. घरी असताना तो तीच अंगणात लावतो आणि भटकायला निघाला की पाठीवरच्या पिशवीत टाकतो. त्याने ती ५९९ डॉलरला घेतली होती. बोलता बोलता त्याचा आवाज दर दोन-तीन मिनिटांनी तुटत होता, तेव्हा त्याने छत्री उचलून पाईनच्या झाडांपासून दूर नेली आणि म्हणाला, “ताई, हिला आभाळ मोकळं लागतं, एक फांदी आली तरी रुसते.” हे वाक्य मी नीट लक्षात ठेवले असते तर पुढचे काही घडलेच नसते.

मार्च २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोन्ही कंपन्यांनी लागोपाठच्या दोन दिवसांत स्टारलिंकबरोबर करार केल्याचे जाहीर केले. बातमी वाचणाऱ्या कोणालाही सेवा आलीच असे वाटावे असा तो आठवडा होता. करारांच्या अंमलबजावणीला सरकारी परवान्यांची अट होती, ही गोष्ट बातमीच्या शेवटच्या ओळीत असायची आणि तिथपर्यंत मी वाचले नाही. एप्रिलमध्ये मला इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसू लागली: “घर आणि कॅम्पिंगसाठी एकच किट, महाराष्ट्रात कुठेही.” मी त्यावर क्रमांक टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला.

बोलणारा माणूस घाईतला नव्हता. त्याने आधी जागेची चौकशी केली, वीज किती तास असते, इन्व्हर्टर आहे का, तंबू किती, हे सगळे विचारले. सेवा अजून भारतात अधिकृतपणे सुरू झालेली नाही हेही त्याने आपण होऊन सांगितले, आणि इथेच माझा विश्वास बसला, कारण खोटे बोलणारा माणूस असे कशाला सांगेल असे मला वाटले. त्याचे म्हणणे असे की भूतानमध्ये फेब्रुवारीपासून सेवा सुरू झाली आहे, तिथल्या खात्यावर प्रवासी योजना घेतली की छत्री शेजारच्या देशांतही चालते, आणि तो अशीच किट पुरवतो. यातला भूतानचा भाग खरा होता. प्रवासी योजना असते आणि ती अनेक देशांत चालते, हेही खरे होते. या दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध त्याने खोटी गोष्ट बसवली होती.

मग त्याने व्हिडिओ कॉलवर प्रात्यक्षिक दाखवले. लोणावळ्याजवळचा एक मुक्काम असल्याचे त्याने सांगितले. टेबलावर छत्री, शेजारी मोबाईल आणि त्यावर वेग मोजणारा काटा १८० एमबीपीएसच्या पुढे सरकत असलेला. मोबाईल त्या छत्रीलाच जोडलेला आहे की साध्या फाइव्ह-जीवर चालला आहे, हे विचारण्याचे मला सुचले नाही. तो कॉल चालू असताना मी पडद्याचे जे छायाचित्र घेतले होते ते नंतर मामेभावाला पाठवले, तेव्हा त्याने उलट विचारले, “ताई, वर बघितलंस का?” छत्रीच्या बरोबर वर आंब्याचे डेरेदार झाड होते.

९,९०० रुपये आगाऊ भरले. पावती आली, तिच्यावर दिल्लीचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक होता. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, दिल्लीसाठी ०७ आणि महाराष्ट्रासाठी २७. माझ्या पावतीवरचा क्रमांक २७ ने सुरू होत होता आणि चौदाच अक्षरांचा होता. मी स्वतः गेली अकरा वर्षे दुकानांचे हिशेब लिहिते, असे क्रमांक रोज टंकते, तरीही त्या दिवशी मी फक्त खालची रक्कम पाहिली. पैसे पाठवताना कंपनीच्या नावाऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसले, त्यावर “आमच्या अकाउंटंटचे खाते आहे” एवढे उत्तर मला पुरले.

२२ मे रोजी पार्सल आले आणि ते आल्याचे कळताच उरलेले २८,१०० रुपये क्यूआरवर भरले. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अनेकांचा समज असतो की अशा प्रकारात खोक्यातून विटा निघतात. माझ्या खोक्यातून खरी छत्री निघाली. खोक्याचे कोपरे दुसऱ्यांदा चिकटवलेले होते, छत्रीच्या मागच्या चिकटपट्टीवरचा क्रमांक नखाने खरवडल्यासारखा अर्धवट उरला होता आणि छत्रीचा एक पाय किंचित वाकलेला होता. पण वस्तू तीच, मामेभावाच्या गवतातली. ३८,००० रुपयांत आपल्याला ती अमेरिकेतल्या किमतीपेक्षाही स्वस्त कशी मिळते, हा प्रश्न मनात आला होता आणि मी तो बाजूला सारला.

२४ मेच्या संध्याकाळी आम्ही ती कातळावर मांडली. मोकळे आभाळ, बॅटरी भरलेली, भोवती पंधरा-वीस पर्यटक आणि त्यांची पोरे. वायफायचे नाव मोबाईलवर उमटले तेव्हा कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. नंतर पाऊण तास ती आकाशात शोधत राहिली आणि शेवटी या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही असे अ‍ॅपने दाखवले. माझे पती काही न बोलता वायर गुंडाळू लागले.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाने समजावले की सक्रियता शुल्क भरायचे राहिले आहे: १२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १४,१६०. कर धरून आलेला तो अडनिडा आकडा मला इतका खरा वाटला की मी त्याच कातळावर उभी राहून, दोन काड्यांच्या रेंजवर, तोही भरला. २७ मे रोजी त्याने “वैयक्तिक परवान्यासाठी” आणखी ३५,००० मागितले. मी नकार दिला आणि पैसे परत मागितले, तेव्हा त्याचा आवाज प्रथमच बदलला. “मॅडम, तुमच्याकडे बेकायदेशीर उपग्रह यंत्र आहे. गोव्याच्या विमानतळावर असल्या यंत्रापायी परदेशी लोकांना अटक झाली, माहीत आहे ना? तक्रार करा, मी तुमचा पत्ता देतो.”

ती बातमी खरी होती. डिसेंबर २०२४ मध्ये उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रे जवळ बाळगल्यावरून गोव्यात परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली होती. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हा आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, हेही मी त्या रात्री शोधून वाचले. छत्री एका पोत्यात घालून तंबूंच्या सामानामागे ठेवली आणि कोणालाही काही सांगितले नाही. मला खरी छत्री का पाठवली होती, हे मला तेव्हा उमगले. विटा पाठवल्या असत्या तर मी त्याच दिवशी पोलिसांत गेले असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टारलिंकला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना मिळाल्याची बातमी आली. तिचे कात्रण त्याने मला लगेच पाठवले, खाली पुन्हा ३५,००० ची मागणी. वस्तुतः तो परवाना कंपनीला होता, ग्राहकाने असा काही परवाना काढायचा नसतो. शिवाय जुलैमध्ये अंतराळ क्षेत्राचे नियमन करणाऱ्या इन-स्पेस या संस्थेची मान्यता मिळाल्यावरही रेडिओ लहरींचे (स्पेक्ट्रमचे) वाटप आणि सुरक्षा चाचण्या बाकीच होत्या. पण घाबरलेल्या माणसाला बातमीतला “परवाना” हा एकच शब्द दिसतो.

शेवटी १५ जूनला मामेभावाला सगळे सांगितले. त्याने पोत्यातल्या छत्रीच्या क्रमांकाची उरलेली अक्षरे आणि खोक्यावरचा क्रमांक जुळवून आपल्याकडून नोंदणी करून पाहिली, तर ती दुसऱ्याच कोणाच्या खात्याला आधीच जोडलेली निघाली. अशी छत्री आधीच्या मालकाने खात्यातून सोडल्याशिवाय परवानगी असलेल्या देशातही चालू होत नाही. मग त्याने मूळ गोष्ट समजावली. हे उपग्रह जमिनीपासून साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात आणि दीड तासात पृथ्वीला फेरी घालतात, म्हणजे ते आपल्या डोक्यावरूनही जातातच. परंतु छत्रीत जीपीएस असते, ती कुठे आहे हे कंपनीला कळते, आणि ज्या देशाची परवानगी नाही तिथे कंपनी सेवा देत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूरमध्ये जप्त झालेल्या सामानात अशी छत्री दिसल्यावर उपग्रहांचे भारतावरचे झोत बंद आहेत असे इलॉन मस्क यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले होते. मी आगाऊ रक्कम भरली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे, २०२१ मध्ये स्टारलिंकनेच भारतात सुमारे ७,३५० रुपये घेऊन आगाऊ नोंदणी सुरू केली होती, तेव्हा परवाना नसल्यामुळे नोंदणी करू नका असे दूरसंचार विभागाने नोव्हेंबरात जाहीर केले आणि कंपनीला लोकांचे पैसे परत करावे लागले. खुद्द कंपनीला जे जमले नव्हते ते माझा विक्रेता एका क्यूआरवर जमवत होता.

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला. त्यांनी व्यवहारांचे बारा अंकी क्रमांक, वेळ आणि रकमा मागितल्या, तक्रार क्रमांक दिला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पडद्याची छायाचित्रे जोडायला सांगितली. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात छत्रीचे पोते घेऊन गेले तेव्हा माझे हात थरथरत होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी पोत्याकडे पाहिले आणि म्हणाले, “ताई, ही जमा करून घेतो, पावती देतो. पण पैसे गेल्यावर दोन तासांत आला असतात तर खातं गोठवता आलं असतं.” त्या खात्यातून माझी रक्कम त्याच दिवशी पुढे चार खात्यांत गेली होती. एकात १,८७० रुपये अडकले, आणि तेवढेच पुढे न्यायालयाच्या आदेशाने मिळाले. माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही. मी फसवणुकीची तक्रारदार होते आणि वस्तू स्वतःहून आणून दिली होती.

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. ५ नोव्हेंबरला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी इरादापत्रावर सही केली, आणि आठवड्याभरात मला एका नव्या क्रमांकावरून फोन आला. या वेळी बाई होत्या, मराठी स्वच्छ, “परतावा विभागातून” बोलत होत्या, माझी नेमकी रक्कम त्यांना ठाऊक होती. अर्ज म्हणून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाईलवर अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवली. ती मी उघडली नाही, पोलिसांना दिली. डिसेंबरात कंपनीच्या संकेतस्थळावर भारतासाठी महिना ८,६०० रुपये आणि यंत्राचे ३४,००० असे दर काही काळ दिसले, आणि ती चाचणीची माहिती चुकून दिसली, दर खरे नाहीत, असा खुलासा कंपनीने केला. तो आकडा मात्र अजून जाहिरातींमधून फिरतो आहे. मला तो तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांनी पाठवला आहे.

दिवाळीनंतर मी परिसरातल्या तंबूवाल्यांच्या बैठकीत हे सगळे सांगितले. सांगून संपले तेव्हा कोणी काही बोलले नाही. चहा झाल्यावर एकजण बाजूला येऊन म्हणाला, “वहिनी, आमच्याकडे पण आहे.” मग दुसरा. दोघांनाही मी तालुक्याच्या गावी, अकोले इथे, घेऊन गेले आणि त्यांच्या तक्रारी नोंदवल्या. तिसऱ्याने त्याच माणसाला ४१,००० दिले आहेत हे त्याच्या बायकोने माझ्या कानावर घातले आहे. त्याची छत्री भाताच्या कणगीत आहे, आणि मी विषय काढला की तो या वर्षी पाऊस कसा लांबला ते सांगू लागतो.