आठ महिने, दोन बिब शॉर्ट्स आणि मागून मिळालेली सूचना

आठ महिन्यांपूर्वी सायकलिंगसाठी बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे आणि बैठकीला पॅड असलेली घट्ट शॉर्ट्स) आणि जर्सीचे दोन जोड घेतले. एक स्वस्तातला, दुसरा नावाजलेल्या ब्रँडचा, साधारण पाचपट महाग. तेव्हापासून आलटूनपालटून वापरतोय. आठवड्याला तीन राइड, त्यातली एक चार-पाच तासांची.

पहिल्या दीड तासात अंगात कुठली शॉर्ट्स आहे हे आठवावं लागतं. उलट विकत घेताना पॅड दाबून पाहिला तेव्हा स्वस्तातलाच जास्त जाड आणि मऊ लागला. गोम तिथेच आहे. मऊ फोम वजनाखाली चेपतो आणि चेपलेलाच राहतो. तिसऱ्या तासाला बैठकीची हाडं थेट सॅडलवर, म्हणजे सायकलच्या सीटवर टेकल्यासारखी वाटतात. महागातला पॅड हाताला पातळ आणि टणक, पण हाडांखाली घट्ट आणि कडेला विरळ असा बेताने रचलेला. या पॅडला शॅमॉय म्हणतात, कारण पूर्वी तिथे त्याच नावाच्या डोंगरी प्राण्याचं कातडं शिवायचे. आता सगळा कृत्रिम फोम, नाव तेवढं उरलं.

स्वस्तातल्या पॅडची कडेची शिवण जाड होती. ती मांडीला किती काचली ते अंघोळीचं पाणी लागल्यावर कळलं! अर्थात सुरुवातीला मी आत चड्डी घालूनच निघायचो, तो दोष शॉर्ट्सचा नाही. पॅडखाली काही घालायचं नसतं, नाहीतर घासणारी आणखी एक शिवण आपणच वाढवतो.

पाचव्या महिन्यात मागून येणारा मित्र शेजारी येऊन हळूच म्हणाला, "अरे, मागून सगळं दिसतंय." स्वस्तातल्या शॉर्ट्सची लायक्रा, म्हणजे ताणलं जाणारं कापड, विरली होती. मांडीवर शॉर्ट्स धरून ठेवणारे ग्रिपरही सैल पडून शॉर्ट्स वर सरकायला लागली. इथेही थोडं पाप माझं. गरम पाण्याने लायक्राचा ताण मरतो, आणि फॅब्रिक सॉफ्टनरचा थर कापडावर बसला की घाम नीट शोषला जात नाही. पहिले दोन महिने मी दोन्ही केलं. पण महागातल्या शॉर्ट्सनेही तेच हाल सोसले आणि ती अजून धड आहे.

जर्सीबाबत मात्र पैसे वाया गेले. दोन्ही पॉलिएस्टर, दोन्ही सारख्याच लवकर वाळतात, घामाचा वासही दोघींना सारखाच. स्वस्तातलीचे मागचे खिसे पंप आणि ट्यूब भरल्यावर लोंबतात, एवढंच. महागातलीचा धागा पहिल्याच महिन्यात झुडपात अडकून ओढला गेला. काट्याला ब्रँड वाचता येत नाही.

विरलेली शॉर्ट्स टाकून दिली नाही. घरातल्या ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) तासभर चालते, तिथे मागे कोणी नसतं. दुसरी बिब परवाच घेतली, त्याच महाग ब्रँडची, गेल्या हंगामातली म्हणून सवलतीत. रंग पोपटी आहे.