हॅल्व्हर्सन यांच्या सहीचं प्रिंट

फायटर पायलटांच्या सह्यांवर लोक तुटून पडतात. मला मात्र मालवाहू विमानवाले हवे होते. म्हणून इंग्लंडमधल्या एका छोट्या विक्रेत्याकडून बर्लिन एअरलिफ्टचं, म्हणजे सोव्हिएत नाकेबंदीत अडकलेल्या पश्चिम बर्लिनला विमानांनी माल पोचवण्याच्या मोहिमेचं, हे प्रिंट मागवलं. खाली पेन्सिलीने गेल हॅल्व्हर्सन यांची सही आहे. १९४८ मध्ये सी-५४ या मालवाहू विमानातून रुमालांची पॅराशूट करून मुलांसाठी चॉकलेटं टाकणारा हाच तो माणूस. ते २०२२ मध्ये १०१ व्या वर्षी गेले, त्यामुळे आता नव्या सह्या मिळणार नाहीत आणि भाव उतरायचं नाव घेत नाहीत.

चित्र उत्तम. बर्लिनच्या टेंपलहॉफ विमानतळावर उतरणारं विमान इमारतींच्या छपरांना घासतंय की काय, असं वाटतं, आणि ते खरंच तसंच यायचं. नाकाखालचं चाक, चारही इंजिनं, सगळं जागच्या जागी. आकाश मात्र जरा जास्तच गुलाबी. कोळसा आणि पीठ वाहणाऱ्या विमानांना एवढं रोमँटिक आभाळ कशाला?

सही भिंगाखाली पाहिली. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात, इथे पेन्सिलीची चकाकी आणि कागदावरचा दाब दिसतो. प्रमाणपत्र सोबत होतं, पण कागदाचा तुकडा कोणीही छापू शकतो. भिंग जास्त खरं बोलतं.

पॅकिंग जाड नळीतून, एकही सुरकुती नाही. कस्टम ड्यूटी आणि फ्रेमिंग धरून बजेट ठेवा. फ्रेमवाल्याला आम्लमुक्त माउंट आणि यूव्ही (अतिनील किरण अडवणारी) काच सांगा, आणि चिकटपट्टी लावू देऊ नका. पाचपैकी चार तारे. एक गुलाबी आभाळासाठी कापला.